स्पीशी बँकेचा उदयास्त

1913 सालच्या बँकांच्या पडझडीची हकीकत आमचे अर्थेतिहासकार बहुधा दोन ओळींत आटोपतात, आणि त्यांचा मथितार्थ एवढाच असतो की, स्वदेशीच्या भरात अडाणी मंडळींनी बँका काढल्या आणि यथाकाल त्या बुडाल्या. हे मत मला कधीच पटले नाही. स्वदेशीच्याच लाटेवर 1906 साली निघालेली बँक ऑफ इंडिया आणि 1911 साली सोराबजी पोचखानावालांनी उभारलेली सेंट्रल बँक या वादळातून तरल्या. तेव्हा दोष शोधायचा तो दप्तरात शोधावा.

इंडियन स्पीशी बँकही 1906 सालचीच. तिचे कारभारी चुनीलाल सरैया. आरंभीच्या वर्षांविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. खरी मौज चांदीच्या प्रकरणात आहे, आणि या प्रकरणाकडे लोकांनी पाहावे म्हणून मी आजवर पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. रुपये पाडण्यासाठी सरकारला पुन्हा चांदी लागणार हे ताडून सरैया आणि त्यांच्या साथीदारांनी तिचा प्रचंड साठा केला. सरकार बाजारात उतरेल तेव्हा त्याने आपल्याच भावाने माल उचलावा, हा हिशेब. परंतु 1912 साली हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या इंडिया ऑफिसने सॅम्युएल माँटेग्यू या लंडनच्या पेढीमार्फत गुपचूप खरेदी उरकली. त्या पेढीचे भागीदार सर स्टुअर्ट सॅम्युएल पार्लमेंटचे सभासद असल्याने तिकडे गदारोळ उठला, सर स्टुअर्टना आपली जागाही सोडून पुन्हा निवडणूक लढवावी लागली. इकडे मात्र साठा अंगावर पडला, आणि मागणीसरशी परत द्यावयाचा ठेवीदारांचा पैसा विकता न येणाऱ्या धातूत अडकून राहिला.

सप्टेंबर 1913 मध्ये लाहोरला लाला हरकिशनलाल यांची पीपल्स बँक बंद पडली, ठेवीदार सर्वत्र धास्तावले, आणि नोव्हेंबरात स्पीशी बँकेचे दरवाजे मिटले. अडल्या बँकेला हात देणारी मध्यवर्ती बँक तेव्हा देशात नव्हती. देशी बँकांजवळची रोकड अपुरी असल्याचा इशारा अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्याच वर्षी छापला होता. 1917 पर्यंत 87 बँका बुडाल्या.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे: 1935 साली रिझर्व्ह बँक, 1949 चा बँकिंग नियमन कायदा, 1960 साली केरळातील पलाई सेंट्रल बँकेचे दिवाळे, आणि त्यानंतर 1962 पासून 1,500 रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा. आता ती मर्यादा पाच लाखांची आहे. पण 2020 साली येस बँकेतून 50,000 रुपयांवर पैसे काढण्यास मनाई झाली, तेव्हा रांगेत उभ्या सुशिक्षितांपैकी कितीजणांनी तिचा ताळेबंद कधी उघडला होता? पूर्वीचा सराफ निदान ऋणकोचे घरदार जाणून होता; आजचा ठेवीदार व्याजाचा दर तेवढा विचारतो.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर स्पीशी बँकेची पासबुके, नोटिसा वा ताळेबंद पडले असतील, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या ग्रंथालयाच्या हवाली करा.