पेढी मुलांच्या हाती दिल्यावर

पेढीचा कारभार मुलांच्या हाती सोपविल्यानंतर उरलेले आयुष्य एखाद्या शांत गावी धर्मध्यानात घालवावे, असे आपल्यांतील अनेकांस वाटते. बेळगाव-निपाणीकडील बंधूंच्या मुखी अशा वेळी बहुधा कुंभोजजवळील बाहुबलीचेच नाव येते. तेथील ब्रह्मचर्याश्रम, 28 फूट उंचीची ती संगमरवरी मूर्ती, त्यागीजनांचा सहवास. मन ओढ घेते यात नवल नाही.

परंतु यात्रेकरू म्हणून चार दिवस राहणे निराळे आणि बिऱ्हाड करणे निराळे. वैशाखात विहिरीला पाणी किती राहते, सूर्यास्तापूर्वी शुद्ध भोजन कोण करून देईल, मध्यरात्री छातीत कळ आल्यास कोल्हापूर वा सांगली गाठावयास वाहन मिळेल काय, हे आधी पाहावे.

घराभोवती थोडा मळा असावा म्हणून कित्येकजण शेतजमिनीचा विसार देऊन बसतात. येथे भले व्यवहारी लोकही फसतात! महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 अन्वये, जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने असे निर्बंध 2020 साली पुष्कळ सैल केले. तो अनुभव सीमेपलीकडे चालत नाही. गावठाणातील घरास ही अडचण नसते.

आणि गृहिणीचे मत? तिच्या साऱ्या मैत्रिणी इथल्या बस्तीत रोज भेटतात. तिकडे ती एकटी पडेल. म्हणून प्रथम वर्षभर भाड्याने राहावे, आणि तोपर्यंत बेळगावचे घर विकू नये.