ई-रीडरची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

ई-रीडरची बॅटरी पार उतरली, तरी पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं राहतं! या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात धनभारित पांढरे आणि ऋणभारित काळे कण. विजेची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात आणि तिथेच ठाण मांडतात. अक्षरांना वीज लागते ती पान उलटण्यापुरती. ही किमया अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी साधली. तिच्यातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ कंपनी उभी राहिली आणि २००७ मध्ये आलेल्या ‘किंडल’ने ती घरोघरी नेली.

वॉरंटीच्या प्रश्नाचं उत्तरही याच पडद्यात आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू साधारणपणे दोनदा बिघडतात: कारखान्यातला दोष असेल तर अगदी सुरुवातीला, नाहीतर झिजल्यावर शेवटी. सुरुवातीचा दोष कंपनीच्या मूळ वॉरंटीत भरून निघतो. ई-रीडरमध्ये झिजते ती मुख्यतः बॅटरी. पण आठवडेच्या आठवडे चार्जिंग लागत नसल्याने तीही वर्षानुवर्षं टिकते, शिवाय अनेक योजना तिला वगळतात. म्हणजे वाढीव वॉरंटीचे पैसे आपण मोजतो ते नेमके मधल्या निर्धोक वर्षांसाठी!

खरा धोका वेगळाच आहे. कुप्यांच्या थराखाली बहुधा पातळ काच असते आणि तिच्यावर ट्रान्झिस्टरची जाळी. गच्च भरलेल्या बॅगेत दाब पडला की वर ओरखडाही न दिसता आतली काच तडकते. मग अर्धं पान बदलतं आणि उरलेल्या भागात जुनंच चित्र गोठून राहतं. साधी वाढीव वॉरंटी याला दोष मानत नाही. त्यासाठी ‘अपघाती नुकसान’ असं स्पष्ट लिहिलेली योजना लागते.

आता हिशोब. समजा, ई-रीडर १२,००० रुपयांचा आणि अशी योजना १,८०० रुपयांची. म्हणजे योजनेच्या मुदतीत ई-रीडर फुटण्याची शक्यता १५ टक्के असेल, तरच पैसे जेमतेम वसूल होतात.

तेव्हा साधी वाढीव वॉरंटी घेऊ नका. रोज लोकलच्या गर्दीतून जात असाल किंवा घरात लहान मुलं असतील, तर अपघाती नुकसानीच्या योजनेचा विचार करा. तोही अटी वाचून. बाकीच्यांनी कडक कव्हर घ्यावं आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.