‘अर्थ मिळत नाही’ म्हणजे काय?

धुळे-जळगाव रस्त्यावर जुन्या ट्रकचा एक हेडलाइट मंद पडला, की आपण आधी बल्ब बदलतो. नवाही मंदच! कारण काढलं तरी कार्य उरलं. न्यायशास्त्रात आम्ही याला व्यभिचार म्हणतो. (दचकू नका, पारिभाषिक शब्द आहे.) गॅरेजवाला म्हणतो, ‘अर्थ मिळत नाही.’ करंट चासीतून बॅटरीकडे परततो. तो सांधा गंजला की २४ व्होल्टपैकी काही तिथेच खर्ची पडतात. पडताळा सोपा आहे. दिवा चालू ठेवून त्याच्या अर्थिंगच्या टोकापासून, दोन बॅटऱ्यांपैकी जी चासीला जोडलीय तिच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर लावायची. उजेड वाढला? मग सांधा घासून नट आवळा. नाही तर स्विच, रिले बघू. जादा वॉटचा बल्ब मात्र नकोच; जुनी वायर तापते, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रस्ता दिसेनासा होतो.