झूम लेन्स सर्वांत शार्प कुठे असते? घरच्या घरी करायची चाचणी

फोटोग्राफी शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो : शार्प फोटो हवा असेल तर एफ/८ लाव. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच लेन्सचा मध्यभाग एका ॲपर्चरला उत्तम दिसतो, तर कोपरे दुसऱ्याला. १८ मिमीला जे खरे, ते ५५ मिमीला खरे असेलच असे नाही. शिवाय कारखान्यातल्या जुळणीत सूक्ष्म फरक राहतात, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन लेन्सही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून आपल्या लेन्सचा स्वभाव आपणच तपासून घेतलेला बरा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. ट्रायपॉड, मोकळी भिंत, जुनी वर्तमानपत्रे आणि एक निवांत दुपार एवढे पुरते. उदाहरण म्हणून कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ ही लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर घेऊ.

मधलेच ॲपर्चर का?

फोकल लेंथला समोरून दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो. ५५ मिमीला एफ/५.६ म्हणजे सुमारे १० मिमीचे छिद्र, आणि एफ/२२ म्हणजे अवघे अडीच मिमीचे.

छिद्र मोठे असते तेव्हा भिंगांच्या कडेच्या भागातूनही प्रकाश आत येतो. कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण नेमके एका ठिकाणी मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बिंदूभोवती धूसर वलय राहते. कोपऱ्यांकडे हे दोष आणखी वाढतात. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि चित्र आवळून येते. झूम लेन्समध्ये तर भिंगांचे गट पुढेमागे सरकतात. सगळ्या फोकल लेंथना सारखाच न्याय देणारी रचना करता येत नाही, म्हणून झूम फिरवला की दोषांचे प्रमाणही बदलते.

मग छिद्र लहान करतच का जाऊ नये? कारण लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हेच विवर्तन. बिंदूसारख्या उगमाची प्रतिमाही बिंदू न राहता छोटी तबकडी होते. तिचे गणित जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये मांडले. हिरव्या प्रकाशात या तबकडीचा व्यास एफ/८ला सुमारे ११ मायक्रॉन भरतो, एफ/१६ला सुमारे २१ आणि एफ/२२ला जवळजवळ ३०. आपल्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे एफ/२२ला एक बिंदू सात पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो. लेन्स कितीही महाग असली तरी यातून सुटका नाही.

भिंगांचे दोष बऱ्यापैकी आटोक्यात आले आहेत आणि विवर्तन अजून डोईजड झालेले नाही, अशी जागा मध्ये कुठेतरी असते. आपल्याला ती शोधायची आहे.

मांडणी

भिंतीवर वर्तमानपत्राची पाच उघडी पाने सपाट चिकटवा : एक मधोमध, चार कोपऱ्यांत. छोट्या जाहिरातींची पाने सर्वांत उपयोगी, कारण त्यांची छपाई बारीक आणि दाट असते. कॅमेरा फोकल लेंथच्या सुमारे पन्नास पट अंतरावर ठेवा. १८ मिमीला ९० सेंमी, ३५ मिमीला पावणेदोन मीटर, ५५ मिमीला पावणेतीन मीटर. असे केल्याने तिन्ही वेळा भिंतीचा साधारण तेवढाच, सुमारे सव्वा मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो आणि तुलना सरळ होते.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या : सेन्सर भिंतीला समांतर हवा. कॅमेरा जरा जरी तिरका असला तरी एक बाजू फोकसबाहेर जाते आणि दोष लेन्सच्या माथी येतो. यावर सोपी युक्ती आहे. मधल्या पानावर, चौकटीच्या बरोबर मध्यावर, छोटा सपाट आरसा भिंतीला टेकवून धरा. त्यात दिसणारे लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या नेमके मधोमध आले की कॅमेरा समांतर झाला.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. ट्रायपॉडवर प्रतिमा-स्थिरीकरण बंद ठेवा. आयएसओ १००, रॉ फाइल आणि ॲपर्चर प्रायॉरिटी मोड निवडा. ॲपर्चर लहान होत जाईल तसा शटर लांबतो. एफ/४ला १/६० सेकंद असेल तर एफ/१६ला १/४ सेकंद लागेल. म्हणून बटण बोटाने दाबू नका. टायमर किंवा रिमोट वापरा. डीएसएलआर असेल तर आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोयही वापरा.

फोटो काढताना

लाइव्ह व्ह्यूमध्ये मधला भाग जास्तीत जास्त मोठा करून हाताने फोकस करा. मग सर्वांत मोठ्या ॲपर्चरपासून एकेक स्टॉप खाली या : १८ मिमीला एफ/३.५, ४, ५.६, ८, ११, १६, २२; ५५ मिमीला सुरुवातच एफ/५.६ला. काही लेन्सचा फोकस ॲपर्चर बदलताना किंचित सरकतो, आणि हाताने फोकस करतानाही थोडे पुढेमागे होतेच. म्हणून प्रत्येक ॲपर्चरला तीन फोटो काढा, दर वेळी फोकस मोडून नव्याने करा आणि तुलनेला त्यांतला सर्वोत्तम घ्या. पहिला फोटो म्हणून फोकल लेंथ आणि अंतर लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. पुढे फाइलींचा गोंधळ होत नाही.

निकाल वाचताना

फाइली संगणकावर १०० टक्के आकारात उघडा. सॉफ्टवेअरचे शार्पनिंग आणि लेन्स-दुरुस्ती आधी बंद करा. विकृती काढताना ही दुरुस्ती कोपरे ताणते, आणि मग आपण लेन्स तपासतो आहोत की सॉफ्टवेअर, हे कळत नाही.

आता मजकुराकडे बघा. देवनागरी छपाई या कामाला फार सोयीची आहे. या अंतरावरून छोट्या जाहिरातीतला अनुस्वार चित्रात जेमतेम दोन-तीन पिक्सेलांचा असतो. तो शिरोरेषेपासून सुटा दिसतो की तिला चिकटतो, यावर लक्ष ठेवा. एफ/३.५ला चिकटलेला, एफ/५.६ला सुटलेला आणि एफ/२२ला पुन्हा पुसट झालेला, असा त्याचा प्रवास दिसेल.

मग चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या मध्यावर या. तिथे शिरोरेषा ठसठशीत आणि काने मात्र पसरलेले दिसले, तर तो दृष्टिवैषम्याचा दोष. ॲपर्चर लहान केल्यावर तो कमी होतो. कान्याच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळसर किनार दिसली, तर तो रंगांचा दोष. तो ॲपर्चरने जात नाही, पण सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी निघतो.

चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. सगळे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सच्या रचनेचा गुण. एकच कोपरा इतरांपेक्षा ठळकपणे मऊ असेल, तर कॅमेरा उलटा बसवून, मांडणी पुन्हा समांतर करून फोटो काढा. मऊपणा भिंतीवरच्या त्याच पानावर राहिला तर मांडणी तिरकी आहे. चौकटीच्या त्याच कोपऱ्याबरोबर भिंतीवरची जागा बदलून गेला, तर लेन्समधले एखादे भिंग मध्यापासून सरकलेले आहे.

सगळे कागदावर

तीन फोकल लेंथ, आणि प्रत्येकीसाठी मध्याचे व कोपऱ्याचे सर्वोत्तम ॲपर्चर, असा सहा रकान्यांचा तक्ता करा. अशा लेन्सला १८ मिमीला मध्यभाग बहुधा एफ/५.६च्या आसपासच उत्तम असतो आणि कोपरे एफ/८ला सावरतात. ५५ मिमीला सुरुवातच एफ/५.६ असल्याने एफ/८ला दोन्ही जमतात. तुमच्या लेन्सचे उत्तर वेगळे निघाले तर तेच खरे माना.

हा तक्ता वापरताना तारतम्य हवे. व्यक्तिचित्रात कोपऱ्यांची चिंता नको. निसर्गचित्रात पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल तर एफ/११ किंवा १६ बिनदिक्कत लावा, कारण फोकसबाहेर गेलेला दगड विवर्तनापेक्षा जास्त खटकतो. आणि हातात कॅमेरा धरून कमी उजेडात एफ/८चा हट्ट धरू नका. हललेला फोटो कुठल्याच ॲपर्चरला शार्प नसतो.

नवी लेन्स घेतली असेल, तर दुकानदाराने दिलेली बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी नक्की करा. सरकलेले भिंग तेव्हाच लक्षात आले तर लेन्स बदलून मिळते. मुदत उलटल्यावर दुरुस्ती-केंद्राची वाट धरावी लागते.