मानेतली नस ७०% ब्लॉक, मग स्ट्रोक किती मोठा? (एपिसोडचा लेखी भाग)

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा लेखी भाग. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आजचा विषय घरात आला, तेव्हा बसून नीट समजून घेतला. तेच तुमच्यासमोर ठेवतोय.

प्रश्न साधा आहे. मानेतल्या रक्तवाहिनीच्या रिपोर्टवर ७०% लिहिलं असेल, तर स्ट्रोक आला की तोही तेवढाच मोठा येणार का?

आधी रचना बघू. मानेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की जे ठोके लागतात, त्या कॅरोटिड रक्तवाहिन्या. जबड्याच्या थोडं खाली प्रत्येकीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. या फाट्यापाशी रक्ताचा प्रवाह जरा घुटमळतो आणि नेमका तिथेच चरबीचा थर साठतो. त्याला प्लाक म्हणतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट हे चौघं मिळून तो वाढवतात.

आता टक्केवारी. ही साधारणपणे व्यासाची असते, आणि गणित इथेच फसवतं. व्यास ५०% कमी झाला, की रक्त जायची जागा अर्धी नाही, पाव उरते. ७०% कमी झाला, की जेमतेम ९%. ऐकून घाम फुटतो ना? पण गंमत म्हणजे एवढं होऊनही कित्येकांना काहीच जाणवत नाही.

कारण मेंदूकडे बॅकअप आहे. आपल्या भाषेत फेलओव्हर म्हणा. पुढून दोन कॅरोटिड आणि मागून मणक्याजवळून येणाऱ्या दोन, अशा चार वाहिन्या मेंदूच्या तळाशी एका कड्याने जोडलेल्या असतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते 'विलिसचं कडं'. एक रस्ता हळूहळू बंद होत गेला तर दुसऱ्या बाजूने रक्त वळवलं जातं. पण अनेकांमध्ये हे कडं जन्मापासूनच अर्धवट असतं. म्हणजे सारखाच रिपोर्ट असलेल्या दोन माणसांचं नशीब वेगळं असू शकतं.

म्हणून स्ट्रोक किती मोठा, हे फक्त टक्केवारीवर ठरत नाही. मुख्य गोष्टी तीन:

१. गुठळी कुठे अडकली. बऱ्याचदा स्ट्रोक मानेत रक्त कमी पडल्याने येत नाही. प्लाक फुटतो, त्यावर गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जातो. बारीक फांदीत अडकला तर बोटं बधिर होण्यावर भागतं. मोठ्या फांदीत अडकला तर अर्धं अंग जातं, आणि डावी बाजू असेल तर बहुतेकांची वाचाही.

२. बॅकअप किती चांगला. नस हळूहळू अरुंद झाली असेल तर पर्यायी रस्ते तयार व्हायला वेळ मिळतो. अचानक बंद झाली तर मिळत नाही.

३. वेळ किती गेला. मोठी वाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे.

मग टक्केवारीला अर्थच नाही का? आहे. ती धोका किती, हे सांगते. अमेरिका-कॅनडामधल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९१ मध्ये आला. छोटा झटका येऊन गेलेले आणि ७० ते ९९% अरुंद नस असलेले लोक त्यात होते. फक्त औषधांवर असलेल्यांपैकी २६% जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन करून प्लाक काढलेल्यांमध्ये हा आकडा ९% होता.

इथे 'छोटा झटका येऊन गेलेले' हे शब्द परत वाचा. माझ्या काकांचा रिपोर्ट आला तेव्हा घरच्या ग्रुपवर सगळे 'उजवीकडे ७५%' यावरच बोलत होते. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "मागच्या काही दिवसांत हात-पाय लुळा पडला होता का?" काकू म्हणाली, "अहो, हातातून कप सुटला होता ना तुमच्या?" डावा हात, दहा मिनिटं. काकांनी 'हात अवघडला असेल' म्हणून सोडून दिलं होतं. त्या दहा मिनिटांनी सगळा निर्णय बदलला. अशा झटक्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशनचा फायदा सगळ्यात जास्त असतो. काकांचं त्याच आठवड्यात झालं.

तेव्हा आई-बाबांना, आजी-आजोबांना हे विचारा: तोंड वाकडं झालं होतं का? एक हात किंवा पाय लुळा पडला? बोलताना शब्द अडखळले? एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं? पाच मिनिटांत बरं झालं असलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि हे समोर घडत असेल तर थांबून बघू नका. महाराष्ट्रात १०८ लावा, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला न्या, लक्षणं किती वाजता सुरू झाली ते मोबाईलवर टाइप करून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी पाणी पाजू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. मनाने ॲस्पिरिनही देऊ नका, कारण स्ट्रोक रक्तस्रावाचाही असू शकतो आणि फरक स्कॅनशिवाय कळत नाही.

रिपोर्ट घरात पडून असेल, तर आकड्यासोबत डॉक्टरांना ती जुनी 'दहा मिनिटं'सुद्धा सांगा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!