लाटण्याला व्हार्निश नको रे बाबा!

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून. ऑडिओत मागे जी घरघर आहे ती लेथची, त्याबद्दल सॉरी.

सुरुवात घरातूनच करतो. मागच्या वर्षी नगरच्या बाजारातून (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) आईसाठी एक चकाचक लाटणं आणलं. दोन-तीन महिन्यांत त्याचं व्हार्निश सुटायला लागलं. आईने विचारलं, "अरे, हे पापुद्रे गेले कुठे?" उत्तर सगळ्यांनाच कळलं होतं. पोळीत.

मग ठरवलं, आपणच कातू. बीटेकला वर्कशॉपमध्ये लेथ चालवला होता, त्यामुळे आत्मविश्वास जरा जास्तच. पण तो लोखंडाचा लेथ. तिथे हत्यार मशीनमध्ये घट्ट बसवलेलं असतं, आपण फक्त चाकं फिरवायची. लाकडाच्या लेथवर पटाशी तुमच्या हातात असते, टूल रेस्टवर नुसती टेकवलेली. कोन चुकला की धार लाकडात रुतते आणि हाताला जोरात हिसका बसतो. ग्लोव्हज, सैल बाह्या, ओढणी तर लेथजवळ नकोच. फिरत्या लाकडात अडकलं तर हातही सोबत ओढला जातो.

लाकूड घेतलं बाभळीचं. आपल्या भागात मिळतं, जड आणि घट्ट असतं. फक्त पूर्ण वाळलेलं हवं. कारण लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने जास्त, मधून बाहेर जाणाऱ्या दिशेने कमी, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे आज गोल कातलेलं ओलं लाटणं काही महिन्यांनी अंडाकृती! पोळी कशी होईल ते सांगायला नको.

चौकोनी तुकडा आधी कमी स्पीडला गोल करायचा, मग स्पीड वाढवायचा. जाडी नजरेने नाही, कॅलिपरने तपासायची.

पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढून ठेवा, नाहीतर बोट मध्ये सापडतं. १२० नंबरने सुरुवात, मग १८०, २४०, ३२०. आता सगळ्यात महत्त्वाची स्टेप, जी मी पहिल्यांदा गाळली होती: ओल्या फडक्याने पुसा. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात. वाळलं की शेवटचा पेपर पुन्हा मारा. हे नाही केलं तर पहिल्या धुण्यातच लाटणं खरखरीत होतं.

आणि फिनिश? सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिली असतील. लेथवर लाखेचं काम कसं होतं, तर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून चढते. भारी दिसतं! पण लाख थोड्या उष्णतेनेही मऊ पडते, त्यामुळे गरम भाजीतल्या डावाला ती चालत नाही. मिठाच्या डबीला बाहेरून ठीक.

लाटण्याला मी जवसाचं तेल लावतो, खाण्याचं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. खोबरेल तसं होत नाही, शेंगदाण्याचं तेल खवट होतं. रंगाच्या दुकानातलं 'बॉईल्ड' जवस तेल घेऊ नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात सहसा धातूंची संयुगं घातलेली असतात. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका आणि काही दिवस वाळू द्या. घाई नको.

आता नीट ऐका. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. घडीत ती अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. मी ते अंगणात दोरीवर पसरून वाळवतो, किंवा टाकायचंच असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवतो.

आईचं नवीन लाटणं आता सहा महिन्यांचं झालंय. तिची तक्रार एकच आहे, "जरा जड झालंय बघ." पुढचं सागाचं करून बघतो.