पाईप घेताय? आधी टोकं बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. माझे 'म्हणजे' आणि 'हां तर' थोडे कापलेत, बाकी बोलले तसंच आहे.

हां तर, विषय ऐकून एका मैत्रिणीने आधीच विचारलं, "व्हॅक्यूम क्लीनरच्या पाईपवर अख्खा भाग?" हो, अख्खा भाग. मागच्या उन्हाळ्यात या पाईपपायी माझे तीन रविवार आणि जवळपास हजार रुपये गेलेत. तुमचे जाऊ नयेत.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली चार माग, वर आम्ही. टॉवेल विणतो. ज्यांनी यंत्रमागाची शेड कधी बघितली नाही त्यांना सांगते, तिथे धूळ मातीची नसते, कापसाची असते. पंख्याच्या पात्यावर, वायरींवर, माणसाच्या भुवयांवर पांढरे बारीक तंतू बसतात. झाडू मारला की ते उठतात आणि तासाभराने परत तिथेच. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं त्यातच उभे. आता त्यांना खोकला लागला की थांबत नाही.

कापसाच्या धुळीने फुफ्फुसाचा जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत तो जास्त दिसतो, विणकामात कमी. अण्णांना तो नाही असं डॉक्टर म्हणाले, पण बजावलं, "कोरडा झाडू बंद. ओलं फडकं, नाहीतर मशीन."

मशीन आमच्याकडे होतं! वीसेक वर्षांपूर्वी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून अण्णांनी हप्त्यावर घेतलेलं. मोटर ठणठणीत. पाईप मात्र माळ्यावर, पत्र्याखाली, गुंडाळी करून ठेवलेला. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीये. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, उष्णतेत जास्त वेगाने. मग पाईप कडक होतो आणि वाकवला की तडकतो. आमचा दोन ठिकाणी तडकला होता, एक हँडलपाशी आणि एक बरोबर मध्ये.

इथेच एक सांगून टाकते. तडा फक्त टोकापाशी असेल तर काहीच विकत घेऊ नका. तेवढा वीतभर तुकडा कापा, टोक परत बसवा, झालं. पाईप थोडा आखूड होईल, एवढंच. आमचा मधोमध फाटला होता म्हणून पुढचं रामायण.

पहिल्या रविवारी मी फोनवरून पाईप मागवला. फोटो हुबेहूब, लिहिलेलं '३२ एमएम'. आमचा पाईप आतून मोजला तर बत्तीसच भरत होता. पार्सल आलं, मशीनच्या तोंडात घातलं, चालू केलं, आणि टोक निसटून खाली. तो आकडा पाईपच्या आतल्या व्यासाचा होता. मशीनच्या तोंडात जे टोक जातं त्याचं माप वेगळंच असतं, आणि ते धरून ठेवायची पद्धतही प्रत्येकाची वेगळी. कुठे दोन बटणं दाबून अडकवायचं, कुठे घालून फिरवायचं, कुठे नुसतं घट्ट दाबून बसवायचं. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बघितली. दहा मिनिटं टिकली.

दुसरा रविवार जास्त वाईट. नवी पेठेत एका दुकानदाराने वॉशिंग मशीनचं पाणी सोडायचा पाईप हातात ठेवला. "न्या मालक, सगळे हाच लावतात." तो आतून पंचवीस एमएम. वाटतं काय, सात एमएमचाच तर फरक! पण तेवढीच हवा ओढायची असेल, तर व्यास घटला की पाईपमधला अडथळा त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. बत्तीसचा पंचवीस केला की अडथळा जवळजवळ साडेतीनपट. लांबीचं तसं नाही. लांबी दुप्पट केली तर अडथळा दुप्पटच होतो. म्हणून पाईप मीटरभर जास्त चालेल, पण बारीक नको.

मशीनने लगेच सांगितलंसुद्धा. आवाज किंचाळल्यासारखा चढला, ओढ कमी झाली आणि थोड्या वेळाने मशीन बंद पडलं. घरच्या साध्या कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला गार ठेवते. हवा कमी, की मोटर गरम. आमच्यात तापल्यावर आपोआप बंद व्हायची सोय होती म्हणून वाचलं. अण्णा काही बोलले नाहीत. उठले आणि झाडू हातात घेतला. ते बघून मला जे वाटलं ते इथे सांगत नाही.

थोडं विषयांतर करते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने रुमालातून तोंडाने खुर्चीची धूळ ओढून बघितली. रुमालावर काळा डाग, आणि त्याला खोकला! त्याचं पहिलं मशीन एवढं मोठं होतं की घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांबच लांब पाईप खिडक्यांतून घरात जायचे. म्हणजे तेव्हाही सगळी मदार पाईपवरच.

तर तिसरा रविवार. एमआयडीसीजवळच्या हार्डवेअरवाल्याने जुना पाईप उलटसुलट केला आणि म्हणाला, "टोकं चांगली आहेत की! फक्त नळी घ्या." हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? जुन्या मशीनची खरी अवघड वस्तू म्हणजे ती दोन टोकं, कारण तीच मशीनला आणि हँडलला जुळतात. मधली नळी मीटरवर मिळते. बऱ्याच पाईपांची टोकं नळीच्या वळ्यांवर आट्यांसारखी फिरवून बसवलेली असतात, आणि आटे कित्येकदा उलटे असतात. सैल करायला नेहमीच्या उलट दिशेने फिरवून बघा. चिकटवलेली असतील तर कोमट पाण्यात धरा. जोर लावून फोडू नका, कारण तेच फुटलं तर खरंच अडकाल.

आता मापं. बाहेरचा व्यास मोजायला सूत घ्या (आमच्या घरी त्याची काय कमी!), टोकाभोवती एक फेरा द्या आणि ती लांबी ३.१४ ने भागा. आमचं सूत ११० एमएम भरलं, म्हणजे व्यास ३५. आतला व्यास पट्टीने, दोन दिशांनी मोजा, कारण जुना पाईप चेपलेला असतो. दुकानदाराला फोटो पाठवायचा असेल तर टोकाशेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवा. ते २७ एमएमचं असतं, अंदाज लगेच येतो. आणि नळीत वळी किती जवळजवळ आहेत आणि कुठल्या दिशेने जातात तेही जुळवा, नाहीतर टोक फिरतच नाही. म्हणूनच जुना पाईप घेऊन जाणं उत्तम.

नळी निवडताना आतून हात फिरवा. जितकी गुळगुळीत तितकं कापसाचं सूत कमी अडकतं. मी ईव्हीएची घेतली, हलकी असते. ओढून लांब होणारी लवचीक नळी मात्र नको, ओढ सुरू झाली की ती आखडते आणि मशीनला खेचते. तुमच्या पाईपमध्ये ब्रशच्या मोटरसाठी विजेच्या तारा असतील तर माझा हा सगळा खटाटोप विसरा, कंपनीचाच घ्या.

आणि हो, पाईप बदलण्याआधी बघा, तो तुंबलेला तर नाही? वेगळा करून उभा धरा, एक रुपयाचं नाणं टाका. खालून पडलं तर वाट मोकळी.

दोन मीटर नळी, तीनशे साठ रुपये, वीस मिनिटांचं काम. पिशवी मी गच्चीवर झटकते, तोंडाला मास्क बांधून, अण्णांना जवळ येऊ देत नाही. फिल्टर धुवायचं कामही माझंच. जुनी कापडी पिशवी बारीक धूळ परत खोलीत सोडते, त्यामुळे तीही बदलायचीय.

पाईप आता माळ्यावर जात नाही. जिन्याखाली खुंटीला मोठ्या वळशाने टांगलेला असतो. रविवारी माग बंद असताना अण्णा स्वतः मशीन फिरवतात, चौथ्या मागाच्या खालपर्यंत पोचतं म्हणून खूश असतात. बाद झालेला तो पंचवीसचा पाईप त्यांनी फेकू दिला नाही. कूलरचं पाणी काढायला लावलाय.

तुमच्या घरच्या मशीनचं टोक कसलं आहे, त्याचा फोटो पाठवा. नाणं शेजारी ठेवून, बरं का!